रोजच्या पन्नास रुपयांची सुस्ती

भोगावतीच्या काठाला आमचं तीस गुंठे रान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते मी बघतो. बघतो म्हणजे कोल्हापूरच्या फुलेवाडीतून स्कूटरवर जातो, बांधावर उभा राहतो आणि माणसं कुठून आणायची याचा घोर घेऊन परत येतो. उसाची आडसाली लावण झाली की महिना-दीड महिन्यात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, येते. पावसानं उघडीप दिली, रानाला घात, म्हणजे वाफसा, आली की हातात चार-पाच दिवस असतात. तेवढ्यात बाया मिळाल्या तर ठीक, नाहीतर तण उसाच्या वर जातं आणि येणारा-जाणारा बांधावरून रान कुणाचं म्हणून विचारायला लागतो.

गावात टोळी जमवणाऱ्या एक आक्का आहेत. पंधरा वर्षं त्या आमच्या रानात येतात. २०२४ च्या श्रावणात मी त्यांना फोन केला.

"आक्का, रान घातीला आलंय. उद्या येताय न्हवं?"

"न्हाई जमायचं ओ सर, ह्या आठवड्यात."

"का? कुणाकडं काम धरलंय काय?"

"कुणाकडं न्हाई. माझंच हाय की मला."

फोन ठेवला तर शेजारच्या बांधावरून उत्तर आलं, "खात्यावर पडलं की सर त्यांच्या. आता तुमचं-आमचं भांगलाय कोण येतंय!" लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे तीन हजार रुपये, रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा झाले होते. शेजाऱ्याने त्याच आठवड्यात तणनाशक मारलं आणि मोकळा झाला.

चार दिवसांनी रंकाळ्यावरच्या सकाळच्या फेरीनंतर कट्ट्यावर हा किस्सा सांगितला, तर सगळ्यांकडे एकेक किस्सा तयार होता. एकाच्या सुनेला धुण्याभांड्याला बाई मिळत नव्हती. एकाच्या भाच्याच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हेल्पर टिकत नव्हता. तो हेल्पर पुरुष होता आणि त्याला लाडकी बहीण लागूच नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. निकाल एकमताने लागला: आयतं मिळालं की माणूस सुस्तावतो. आम्ही कट्ट्यावर सातजण असतो. सहांच्या खात्यावर महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन पडते आणि सातव्याला दोन दुकानगाळ्यांचं भाडं येतं. पेन्शन म्हणजे तीस वर्षं राबल्याचा मागे ठेवलेला पगार, असं मी स्वतःला सांगतो आणि ते खरंही आहे. गाळ्याच्या भाड्याबद्दल तसं सांगता येत नाही. तरी भाडं येतं म्हणून हा गडी बिघडला, असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आधी साधा हिशेब करू. महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. आमच्याकडे त्या वर्षी भांगलणीला बाईला दिवसाचे तीनशे होते. म्हणजे सरकारने दिलं ते पाच दिवसांच्या रोजगाराएवढं. उरलेले दिवस चूल कशावर पेटणार? पन्नास रुपयांत कोल्हापुरात मिसळीची एक प्लेट येत नाही. तेवढ्यावर माणूस घरी लोळत पडतो असं ज्याला वाटतं, त्याने महिनाभर पन्नास रुपये रोजावर लोळून बघावं. पण बाया आल्या नव्हत्या, हेही खरंच. काहीतरी बदललं होतं. काय, ते शोधायच्या आधीच आम्ही त्याला 'सुस्ती' असं नाव देऊन टाकलं.

लाडकी बहीण म्हणजे अर्थशास्त्रात ज्याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात ते नव्हे. ते उत्पन्न प्रत्येकाला मिळायचं, गरीब-श्रीमंत न बघता, बाई की पुरुष न बघता, काम करतोस काय हे न विचारता, नियमित आणि रोख. आपल्याकडे २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं आणि माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला. थोडे दिवस चर्चा झाली, मग विरली. तरी प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: कामाशी न बांधलेला पैसा हातात आला तर माणूस काम सोडतो का?

याचं उत्तर शोधायला आपल्यासारख्याच गावांत एक प्रयोग होऊन गेलाय. सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून मध्य प्रदेशातल्या काही गावांत घरटी नव्हे, तर माणशी पैसे दिले. मोठ्या माणसाला महिन्याला २००, मुलाला १००. पुढे ते ३०० आणि १५० केले. गावातल्या सगळ्यांना, पाटलाला आणि शेतमजुरालाही. काय खरेदी करावं याची अट नाही. पैसे न मिळालेली शेजारची गावं तुलनेला ठेवली. एवढा पैसा पुढे दारूच्या गुत्त्यात जाणार, ही भीती तिथेही होती. झालं वेगळंच. कामाचे तास घटले नाहीत, कामाची जागा बदलली. लोक दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून आपल्या तुकड्यावर राबायला लागले, बी-खत वेळेवर घ्यायला लागले, शेळ्या-कोंबड्या घेतल्या. बायकांचं काम तर वाढलं. घटली ती मुलांची मजुरी.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'सगळ्यांना' हे. योजना गावाची झाली की कोण पात्र, कोण अपात्र हे भांडण उरत नाही, आणि कुणाला गरीब दिसत राहायची गरज पडत नाही. त्यावर पुढे येतो.

बाहेरचे दाखले झटकन सांगतो. केनियात काही गावांना बारा वर्षं महिन्याला साधारण साडेबावीस डॉलर द्यायचा प्रयोग सुरू आहे. तिथेही लोक आळशी झाले नाहीत, मजुरीवरून स्वतःच्या छोट्या धंद्याकडे सरकले. फिनलंडने २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षं २,००० बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो दिले, नोकरी लागली तरी बंद न करता; ते इतर बेरोजगारांपेक्षा वर्षात सरासरी सहा दिवस जास्तच कामावर होते. सहा दिवस म्हणजे काही क्रांती नव्हे. पण उलटं तर झालं नाही.

उलट गेलेला दाखला अमेरिकेचा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांत कमी उत्पन्नाच्या १,००० जणांना २०२० ते २०२३ अशी तीन वर्षं महिन्याला १,००० डॉलर मिळाले. २०२४ मध्ये निकाल आला: पैसे मिळालेली माणसं तुलनेच्या गटापेक्षा आठवड्याला साधारण सव्वा तास कमी राबली, आणि नोकरीत असणाऱ्यांचं प्रमाणही शंभरात सुमारे दोनाने कमी राहिलं. वाचवलेला वेळ त्यांनी बहुतेक आरामात घालवला. विरोधकांनी हा अहवाल डोक्यावर घेतला. मी तो वाचून वेगळाच हिशेब केला. त्या लोकांच्या घरच्या मिळकतीत सरासरी चाळीस टक्क्यांची भर पडली होती. एवढं वाढवून दिल्यावर माणूस दिवसाला दहा-अकरा मिनिटं जास्त बसला. आमच्या कट्ट्यावर चहाची ऑर्डर द्यायलाच तेवढी लागतात.

तरी तो आकडा एक गोष्ट सांगतो, आणि ती मान्य करायला हवी. रक्कम मोठी झाली, घर त्यावर बऱ्यापैकी चालायला लागलं, तर काम थोडं कमी होणार. पन्नास रुपयांत होत नाही ते पाचशे रुपयांत होईल. 'कितीही द्या, काही फरक पडत नाही' असं सांगणारे समर्थक मला कट्ट्याएवढेच अडाणी वाटतात.

आता आक्कांकडे येतो. पंधरवड्याने त्या टोळी घेऊन आल्या. तण गुडघ्याला लागलं होतं. मधल्या सुट्टीत त्या बांधावर भाकरी सोडून बसल्या तेव्हा विचारलं, "तुमचं काय होतं ओ त्या आठवड्यात?"

दहा गुंठे भुईमूग. भावकीतलं पडीक पडलेलं रान त्यांनी दोन वर्षांपूर्वी वाट्याने केलं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं. घात सगळ्यांच्या रानाला एकदमच येते, हे इतकी वर्षं शेती बघून माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. उघडीप पडली की त्या आधी आमचं भांगलायच्या, मग शेजाऱ्याचं, मग आणखी कुणाचं. स्वतःच्या भुईमुगाला हात लागेस्तोवर पाऊस परत सुरू. का? तर शनिवारचा बाजार. आठवड्याचं तेल-मीठ, पोराची फी, बचत गटाचा हप्ता, हे सगळं रोजगाराच्या पैशावर. आमच्याकडे नाही गेलं तर बाजार नाही. आपला भुईमूग बुडाला तर कळायला चार महिने लागतात. बाजार चुकला तर त्याच रात्री कळतं.

"औंदा पैलं माझं भांगललं," आक्का म्हणाल्या. त्यांच्या बाजूच्या बाईने विचारलं, "किती पोती हुतील?" आणि दोघी माझ्याकडे पाठ करून भुईमुगाचा हिशेब करायला लागल्या.

तीन हजार रुपयांनी त्या बाईचं काम एक दिवसानेही कमी केलं नव्हतं. कामाचा क्रम बदलला होता. पंधरा वर्षं माझं रान पहिलं होतं, त्या वर्षी ते दुसरं झालं. बांधावरच्या मला ती सुस्ती दिसली.

त्या दिवसापासून 'माणसं मिळत नाहीत' हे वाक्य मी पुरं करून ऐकतो: जुन्या दराने मिळत नाहीत, माझ्या वेळेला मिळत नाहीत. हे वाक्यही काही लाडक्या बहिणीबरोबर जन्मलेलं नाही. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत बायका जायला लागल्या तेव्हा हेच होतं. हुपरीच्या चांदीचं काम घरोघर गेलं तेव्हा हेच. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा २००५ मध्ये झाला त्यानंतरही ऐन हंगामात ती कामं बंद ठेवा अशी ओरड देशभर झाली. आणि रोजगार हमी काही आयती नव्हती. ती कल्पना आपल्याच शेजारची, तासगावची. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तिथे प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात तिने राज्य तगवलं, १९७७ साली कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून बसवलेला व्यवसाय कर अजून बहुतेक पगारदारांच्या स्लिपवर दिसतो. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. खडी फोडल्याशिवाय दमडी मिळत नव्हती. तरी ओरड तीच होती. तक्रार आयत्या पैशाबद्दल असती तर खडी फोडणाऱ्याबद्दल झाली नसती. समोरच्याला दुसरा रस्ता मिळतो, ही खरी बोच आहे.

हे लिहिताना मला शाहू महाराजांचा काळ सारखा आठवतो, आणि तो कोल्हापूरकराचा रिवाज म्हणून नव्हे. जुन्या गावगाड्यात खात्रीचं उत्पन्न होतंच की. बलुतं होतं, वतन होतं. महाराकडे वतनाची जमीन असायची, सुगीला वाटा असायचा. पण त्याच्या बदल्यात बारा महिने चोवीस तास गावची आणि सरकारची वेठ. सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा, अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढे पळा. नाही म्हणायची सोय नाही, कारण नाही म्हटलं तर जमीन जायची. १९१८ साली महाराजांनी करवीर संस्थानात महार वतनं मोडून त्या जमिनी रयतावा केल्या. जमीन ज्याची त्याची झाली, वेठ सुटली. म्हणजे उत्पन्न ठेवलं आणि त्याला बांधलेला दोर कापला. मूलभूत उत्पन्नाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडलेली नाही.

कुणी म्हणेल, वतनाने माणसं दुबळी झाली असं बाबासाहेबांनीच सांगितलंय. बरोबर. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती मागताना त्यांचा रोख तोच होता. तुटपुंज्या वतनापायी समाज गावाला जखडला गेला आणि त्याची उमेद गेली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण माझ्या वाचनात तरी दोष खात्रीचा नव्हता, अटीचा होता. मिळतं ते किती आणि ते सोडायची मोकळीक आहे का, यावर माणूस ताठ होतो की वाकतो ते ठरतं.

आणि गंगाराम कांबळे. सरकारी पागेत चाकरीला असलेल्या या माणसाला मराठ्यांच्या हौदातल्या पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली; पण परत त्याच चाकरीत गंगारामांना ढकललं नाही. स्वतःचा धंदा काढायला लावला, हात दिला. भाऊसिंगजी रोडला हॉटेल निघालं, 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले. पागेच्या हिशेबाने बघितलं तर एक गडी कामावरून कमी झाला. आमच्या कट्ट्यावरचे लोक त्या वेळी असते तर म्हणाले असते, महाराजांनी पैसे देऊन चांगला माणूस बिघडवला.

याच गावाने पैलवान पोसले, हे जाता जाता सांगायला हवं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, प्रत्येक तालमीतला पैलवान कुणाच्या तरी खुराकावर उभा राहिला. आधी दरबाराच्या, मग गावच्या. दूध, तूप, बदाम, थंडाई आणि वर्षानुवर्षं बाजाराच्या भाषेत शून्य उत्पादन. पहाटे तीनला उठून हजार-हजार जोर-बैठका काढणाऱ्याला कुणी आळशी म्हटलं नाही. १९१२ मध्ये त्यांच्यासाठी खासबाग मैदान बांधलं. पोटाची काळजी मिटली की माणूस मेहनत सोडतो, हे निदान कोल्हापूरकराने तरी बोलू नये. अर्थात प्रत्येक खुराक खाणारा हिंदकेसरी झाला नाही. काहींनी नुसतंच तूप खाल्लं, तेही आम्हाला नावानिशी ठाऊक आहेत.

आता आमची, ऊसवाल्यांची गोष्ट. आम्हाला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, पाहिजे, आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पाहिजे. दर दिवाळीच्या आसपास त्यासाठी रस्ते अडतात आणि मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. पण बाजार काहीही म्हणो, ठरलेला दर मिळालाच पाहिजे, हीच तर खात्रीच्या उत्पन्नाची मागणी आहे. वर आपणच म्हणतो, ऊस हे आळशाचं पीक. म्हणजे सरकारी हमीने माणूस आळशी होतो याचा घरचा पुरावा आपल्याकडे आहे आणि आपण तो दुसऱ्यांवर लावतो.

त्या उसाला तोड लागते. बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेस्तोवर पहाटेपासून फडात. बाई आजारी पडली तरी खाडा परवडत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला तो यातूनच. त्या जोडप्याच्या खात्यावर दर महिन्याला, न चुकता, घर चालेल एवढं पडायला लागलं तर ते उचल घेतील? काही घेणार नाहीत. काही घेतील, पण दर ठरवून, खोपीला पाणी आणि संडास मागून. आज आम्ही तोडकऱ्यांना वरचे पैसे, म्हणजे 'खुशाली', द्यावी लागते म्हणून कुरकुरतो. उद्या ती खुशाली उघड मजुरी होईल. एखादं काम केवळ समोरच्याला दुसरा इलाज नाही म्हणूनच चालत असेल, तर ते बंद पडण्याच्या भीतीला कामाची चाड म्हणू नये.

पण तीस गुंठेवाल्याचं काय? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो, कारण बिल माझ्या खिशातून जाणार. मजुरी वाढली की आधी मार खातो तो छोटा शेतकरी. मोठा यंत्र आणतो, तणनाशक मारतो. माझ्यासारख्या पेन्शनवाल्याला दिवसाला पन्नास-शंभर जास्त देणं जड नाही. ज्याचं सगळं घर त्या तीस गुंठ्यांवर आहे त्याला जड आहे. त्यावर एक उत्तर असं की मूलभूत उत्पन्न त्यालाही मिळेल. ते अर्धं उत्तर आहे. त्याच्या उसाला, भुईमुगाला दर मिळाला नाही तर एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने मजुरीत जाईल.

मघाशी राहिलेला अटींचा मुद्दा. मला लाडक्या बहिणीतली खरी खोट इथे दिसते. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. घरात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालतो. २०२५ मध्ये पडताळणीत २६ लाखांहून अधिक जणींचा हप्ता थांबवला गेला. तेव्हापासून गावात एक नवीनच सावधपणा आलाय. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला पॅकिंगच्या कामावर घेत होते, पगार बँकेत आणि पीएफ कापून. तिची आई म्हणाली, रोखीनं देत असतील तर जा. नवऱ्याचा आणि हिचा पगार कागदावर एकत्र आला तर पंधराशे जातील. पोरगी पुढे कमी पगाराच्या रोखीच्या कामाला लागली. कामाची इच्छा मारली ती पैशाने नव्हे. 'कमावलंस तर काढून घेऊ' या धमकीने मारली. सगळ्यांना द्यायचं असेल तर ही धमकी नाहीशी होते. कमाई वाढली म्हणून काही जात नाही. फिनलंडने नोकरी लागल्यावरही पैसे चालू ठेवले ते यासाठीच. गरजूंनाच द्या, असं म्हणणारे आम्ही पैसे वाचवायला जातो आणि लोकांना कागदावर गरीब राहायला शिकवतो.

मग सगळ्यांना देऊन टाकायचं? इथे माझी गाडी अडते, आणि आळसावर नव्हे, बेरजेवर अडते. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. प्रत्येकाला महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला जवळपास पावणेदोन लाख कोटी रुपये. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. चौथा हिस्सा. एकट्या लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटी ठेवताना इतर खात्यांच्या तोंडाला फेस आला. श्रीमंतांकडून कररूपाने परत घेता येतात म्हणतात; ज्या राज्यात शेतीवर आयकर नाही आणि बराचसा व्यवहार रोखीत, तिथे ते 'परत घेणं' मला कागदी वाटतं. आणि हे पैसे जिल्हा परिषदेची शाळा, गावचा दवाखाना, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातली खाट यांतून काढायचे असतील, तर मी विरोधात आहे. पंधराशे रुपयांत बाईला खाजगी शाळाही मिळत नाही आणि खाजगी दवाखानाही नाही. माझी बत्तीस वर्षं सरकारी अनुदानाच्या शाळेत गेली, तेव्हा यात माझा पक्षपात धरून चला.

सुरुवात करायचीच तर मी निधी पुरेल तिथून करीन, पण उत्पन्नाची अट काढून: साठीपुढच्या प्रत्येकाला, आणि पोटाशी लहान मूल असलेल्या प्रत्येक बाईला. या दोघांनी काम कमी केलं तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. कॅनडात मॅनिटोबातल्या डॉफिन गावात १९७० च्या दशकात किमान उत्पन्नाची हमी दिली तेव्हा काम लक्षात येईल एवढं कमी केलं ते तान्ह्या मुलांच्या आयांनी आणि शाळेत टिकून राहिलेल्या पोरांनी. ते काम कमी होणं मला तरी हवंच आहे. साठीपुढच्यांत आमचा कट्टाही येईल. आमचं पेन्शन त्यातून वळतं करून घ्यावं, मी सही करायला तयार आहे. बाकी सहांचं मी बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी शहाणा होऊन आठवडाभर आधी फोन केला.

"येतो की," आक्का म्हणाल्या. "पण माझं उरकून. शुक्रवारी. आन् तीनला सोडायचं, शेरडांस्नी वैरण बघायची असती."

"बरं. पगार?"

"साडेतीनशे. आन् च्या दोन टायमाला, एक न्हवं."

"तीनशेवीस करूया की आक्का."

त्या हसल्या. "मग सर, तणनाशक मारा की."

शुक्रवारी नऊजणी आल्या, तीनला गेल्या. वरच्या अंगाच्या चार सऱ्या राहिल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी मी आणि बायकोने भांगलल्या. मला पाठीला दोन दिवस मलम लावावं लागलं, तिला लागलं नाही.